विदर्भाची रणजी ‘नशिबाची’ म्हणता?

रणजीचा विषय निघाला की एक मेसेज फिरायला लागतो. आमच्या गावच्या ग्रुपवर तो परवा परत आला. मजकूर थोडक्यात असा: 2024-25 चा रणजी करंडक विदर्भाला नशिबानं मिळाला. केरळविरुद्धची फायनल ड्रॉ झाली, विदर्भाच्या करुण नायरचा कॅच सुटला, बाद फेरीचे तिन्ही सामने नागपुरात झाले, आणि खेळाडू बाहेरचे. मी यवतमाळ जिल्ह्यातला, विदर्भाचा पाठीराखा. म्हणजे हा दावा खोटा निघावा असं मला वाचायच्या आधीपासूनच वाटत होतं. माझं म्हणणं तेवढं वजा करून वाचा.

ड्रॉचा मुद्दा सगळ्यात कच्चा. बाद फेरीतला सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावाची आघाडी निकाल ठरवते, हे दोन्ही संघांना आधीच माहीत असतं. विदर्भ 379, केरळ 342. आणि केरळ फायनलला आलं कसं? उपांत्यपूर्व फेरीत जम्मू-काश्मीरवर एका धावेची आघाडी, उपांत्य फेरीत गुजरातवर दोन धावांची. गुजरातच्या शेवटच्या गड्याचा फटका बॅट्समनच्या अगदी जवळ, शॉर्ट लेगला उभ्या फिल्डरच्या हेल्मेटवर आदळून थेट स्लिपमध्ये केरळचा कप्तान सचिन बेबीच्या हातात गेला. तेव्हा याच ग्रुपवर ‘याला म्हणतात झुंज’ असं लिहून आलं होतं. दोन धावांची आघाडी झुंज आणि 37 धावांची नशीब, हा हिशेब मला जमत नाही.

आता कॅच. दुसऱ्या डावात नायर 31 वर असताना स्लिपमध्ये सुटला आणि त्यानं 135 केल्या. हे खरंच आहे. पण ‘तो कॅच घेतला असता तर कप केरळचा’ हे त्यातून निघत नाही. आघाडी विदर्भाच्या खिशात आधीच होती, केरळला सामना सरळ जिंकावा लागला असता. जमलं असतं का? कदाचित. पण त्या ‘कदाचित’चं मेसेजमध्ये ‘नक्की’ झालं आहे. शिवाय पहिल्या डावात हाच नायर 86 वर धावबाद झाला होता, ते त्यात नाही.

गेल्या जानेवारीत गावच्या टेनिस बॉल स्पर्धेत माझ्याही हातून कॅच सुटला. मी लाँग ऑनला, मागं तुरीचं वावर, ऊन सरळ डोळ्यात, चेंडू तळहाताला लागून खाली. पोट्टे जे ओरडले! गडी पुढच्याच चेंडूवर बोल्ड झाला. आज तो कॅच माझ्याशिवाय कोणाला आठवत नाही. त्यानं पुढं पन्नास ठोकले असते तर पोळ्यापर्यंत ऐकावं लागलं असतं. सुटलेला कॅच तोच, माझी चूकही तेवढीच.

घरच्या मैदानाचा मुद्दा मात्र वजनदार आहे आणि तो मी उडवून लावणार नाही. तिन्ही सामने नागपुरात झाले. त्या एका हंगामावरून संघाचं किती आणि मैदानाचं किती, हे वेगळं काढता येत नाही. म्हणून मी 2017-18 कडे गेलो. तेव्हा उपांत्यपूर्व सामना सुरतेत, उपांत्य कोलकात्यात, फायनल इंदूरला. एकही घरी नाही, तरी कप आला. फायनलमध्ये रजनीश गुरबानीची हॅटट्रिक.

हे मी टपरीवर मोठ्या तोऱ्यात सांगितलं. कोलकात्यात कर्नाटकाला 5 धावांनी हरवलं, याला जिगर म्हणतात, असंही वर जोडलं. आमचे निवृत्त गुरुजी बशीत चहा ओतता ओतता म्हणाले, “पाच रनानं हरलो असतो, त थे जिगर कुठं गेली असती बावा?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. बॅटची कड लागून एक चौकार आणि वर दोन धावा गेल्या असत्या, की ती गोष्ट संपली असती. गेली कित्येक वर्षं मी तो विजय पुरावा म्हणून मिरवत होतो. निसटता निकाल आपला असला की जिगर आणि दुसऱ्याचा असला की नशीब, हा धंदा मीही करत होतोच.

बाहेरच्या खेळाडूंचं थोडक्यात. नायर कर्नाटकचा, मान्य. पण त्या मोसमात देशात सर्वाधिक धावा यश राठोडच्या, 960. सर्वाधिक बळी हर्ष दुबेचे, 69, आणि तो एका रणजी मोसमाचा विक्रम आहे. दोघंही विदर्भाच्याच वयोगट संघांतून आलेले. (आमच्या तालुक्यातून कोणीच नाही, पण ते रडगाणं वेगळं.)

राहिला ‘नशीब’ हा शब्द. एका वर्षी कपाशी एकरी दहा क्विंटल उतरली म्हणून कोणी बियाण्याची जाहिरात करत नाही. पाऊस वेळेवर आला असेल, बोंडअळी आली नसेल. शेजारच्याच्या वावरात काय झालं, पुढच्या सालात काय झालं, हे बघतो. तसंच बघायचं तर 2017-18 ते 2024-25 या काळात रणजीचे सात मोसम झाले. 2020-21 चा कोरोनामुळे झालाच नाही. त्या सातांत विदर्भ चार वेळा फायनलला, तीन वेळा विजेता. उरलेली एक फायनल वानखेडेवर मुंबईकडून 169 धावांनी हरलो, तीही धरली आहे. त्याआधी विदर्भानं रणजीची एकही फायनल खेळलेली नव्हती.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. मेसेज पाठवणाऱ्यानं अंगठा दिला आणि विचारलं, “म्हणजे नागपूरचा फायदा झाला, हे तू कबूल करतो ना?”

करतो. किती झाला ते तू दाखव.