देवगिरी का दौलताबाद, आणि मामाचे गुडघे

दिवाळीत संभाजीनगरला मामाकडं होतो, फराळ करता करता देवगिरी म्हणायचं का दौलताबाद यावरून मामा आणि दादा असे भांडले की लेकरं चकल्या घेऊन गच्चीवर पळाली. मी म्हणलं दोन्ही म्हणा ना, तर मामा म्हणे तुला काय, जर्मनीत बसून बोलायला. आता बोलणं खरंय म्हणून गप बसलो.

दुसऱ्या दिवशी लेकरांना घेऊन किल्ल्यावर गेलो. खाली ते भारतमाता मंदिर बघा, खांब जुन्या देवळांचे, त्यांची खिलजींच्या काळात झाली मशीद, आणि 1948 ला निजाम गेल्यावर आत भारतमाता बसली. एकाच छताखाली एवढं, आता याचं नाव कोण काय ठेवणार? वर चिनी महालात औरंगजेबानं गोवळकोंड्याचा सुलतान तानाशहा कोंडला होता. आणि 1327 ला तुघलकानं दिल्लीची माणसं इथं हाकलत आणली, आम्ही आपलं स्वतःच्या खर्चानं देश सोडला. पुढं खंदक, मग अंधारी म्हणजे तो काळोखा भुयारी रस्ता, वटवाघळांचा तो वास घरी येईपर्यंत नाकात होता, आणि बारादरीला पोचेस्तोवर माझा पार दम निघाला, लेकरं मात्र पुढं.

मी राहतो हायडेलबर्गजवळ, तिथंही डोंगरावर राजवाड्याचा किल्ला आहे. फ्रेंच सैन्यानं 1693 ला सुरुंग लावून एक बुरूज फोडला, त्याची अख्खी भिंत घसरून खाली पडली ती आजही तशीच, आणि बुरुजाचं नावच ‘फोडलेला बुरूज’. काय झालं ते सरळ नावात, मला हे लई आवडतं, आणि आपल्याकडं पाटी बदलायची घाई असते त्यापेक्षा कोणी काय बांधलं न् कोणी काय पाडलं ते नीट लिहा असं माझं मत.

पण लगेच त्यांचं कौतुकही नको. ऑफिसातल्या, तिथंच जन्मलेल्या बाईला विचारलं तर म्हणाली, शाळेच्या सहलीला गेले होते तेवढंच. भांडण नाही कारण कोणाला पडलेलीच नाही. मामा निदान भांडतो तरी, त्याला तो किल्ला स्वतःचा वाटतो.

फक्त मामाला विचारलं, तुम्ही शेवटचं कधी चढलात? तर नववीच्या सहलीला! आता गुडघे नाहीत म्हणे. रात्री सगळे झोपल्यावर मात्र मामानंच हळूच विचारलं, काय रे, अंधारीत वटवाघळं आहेत का अजून?