सूर्य लांब गेला म्हणून गारठा पडत नाही

"उद्या पहाटे ५.२७ पासून अल्फेलियन सुरू. सूर्य एरवी ९ कोटी किलोमीटरवर असतो, आता १५.२ कोटींवर जाणार, म्हणजे ६६ टक्के लांब. ऑगस्टपर्यंत कधी नव्हे इतकी थंडी पडेल, सर्दी-खोकला वाढेल." व्हॉट्सअ‍ॅपवर हा निरोप वर्षानुवर्षं फिरतोय. पाठवणारे काळजीपोटीच पाठवतात, म्हणून उत्तर नीट द्यायला हवं.

आधी ते ९ कोटी. ही जागा बुध आणि शुक्र यांच्या मधली. पृथ्वी तिथे असती, तर आजच्या जवळजवळ पावणेतीनपट ऊन आपल्यावर पडलं असतं. खरं सरासरी अंतर १४.९६ कोटी किलोमीटर. जानेवारीच्या सुरुवातीला, उपसूर्य स्थितीत, ते १४.७१ कोटी असतं. जुलैच्या सुरुवातीला, अपसूर्य स्थितीत (निरोपातलं 'अल्फेलियन' म्हणजे हेच, खरा शब्द अ‍ॅफेलियन), १५.२१ कोटी. फरक साडेतीन टक्क्यांच्या आत. जुलैत पृथ्वीवर ऊन साडेसहा टक्क्यांनी कमी पडतं, एवढं मात्र खरं.

मग त्याने थंडी पडते का? निफाडच्या द्राक्षबागायतदारांना विचारा. पारा पाच-सहा अंशांवर उतरतो आणि बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात, ते दिवस डिसेंबर-जानेवारीचे. तेव्हा तर सूर्य सर्वांत जवळ असतो! ऋतू होतात ते पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे म्हणून. जुलैतला आपला गारवा ढगांचा आणि पावसाचा. अख्ख्या पृथ्वीची सरासरी काढली, तर जुलै जानेवारीपेक्षा उष्णच भरतो, कारण तेव्हा सूर्याकडे झुकलेल्या उत्तर गोलार्धात जमीन जास्त आहे आणि जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते. युरोपच्या कोपर्निकस संस्थेच्या १९४० पासूनच्या नोंदींत २०२४ साली सर्वांत उष्ण दिवसाचा विक्रम झाला, तो २२ जुलैला. अपसूर्य होऊन जेमतेम अडीच आठवडे झाले होते.

सर्दी-ताप विषाणूंमुळे येतो.

आता 'कधी नव्हे इतकी'. अपसूर्य दरवर्षी येतो, जवळपास त्याच तारखांना, तेवढ्याच अंतरावर. दरवर्षी सारखंच घडणाऱ्या गोष्टीमुळे एखादंच वर्ष वेगळं कसं होईल? २०२५ चा मे महिना आठवून पाहा. मोसमी पाऊस २६ मेलाच मुंबईत पोचला. नेहमीची तारीख ११ जून. नाशिककडे काढलेला उन्हाळ कांदा शेतातच भिजला. त्या मेमधला गारवा पावसाचा होता. त्या एका महिन्यावरून 'कसली तापमानवाढ?' म्हणणं चूक, आणि तेवढ्यावरून 'हाच हवामानबदल' म्हणणंही घाईचं. तापमानवाढ दिसते ती दशकांच्या सरासरीत. औद्योगिक क्रांतीआधी हवेच्या दर दहा लाख भागांत उष्णता अडवून धरणारा कार्बन डायऑक्साइड सुमारे २८० भाग होता. आता तो ४२० च्या वर गेलाय, मुख्यतः कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळल्यामुळे. सूर्याकडून येणारी ऊर्जा उपग्रह १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून मोजताहेत. ही तापमानवाढ सूर्यामुळे म्हणावी, अशी वाढ तिच्यात झालेली नाही.