चिकट रबर आणि फ्रीजचा उपाय

आमच्या खानापूरकडच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा येतोय. बॅटरी (म्हणजे टॉर्च), दुर्बीण, रेडिओ यांचं रबर चिकट झालं तर तो साचलेला मळ असतो. पेट्रोलनं पुसा, टाल्कम पावडर चोळा, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी नव्यासारखं. शेजारच्या अक्कांना हाच मेसेज कन्नडमधून आला. बेळगाव जिल्ह्यात दोन भाषांचं इतकं एकमत क्वचित होतं. झालं तेही चुकीवर.

आधी मळाचं बघू. परवा माळ्यावरून बॅटरी काढली. धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली, चार वर्षांत कुणी हात लावला नव्हता. फडकं सोडवताना धागे तिलाच चिकटून राहिले, अंगठा टेकला तर ठसा उमटला. हातच लागला नाही तर मळ कुणाचा? मुळात ते बहुतेक वेळा रबर नसतंच. कडक प्लास्टिकवर, हाताला मऊ लागावा म्हणून, पॉलियुरेथेनचा पातळ थर फवारलेला असतो. हवेतला ओलावा त्यात मुरतो आणि रेणूंच्या लांब साखळ्या तोडत जातो. तुटक्या साखळ्यांचा थर पावसाळ्यातल्या गुळासारखा पाघळतो. जांबोटी-कणकुंबीकडे जून ते सप्टेंबर कपाटातले कपडेसुद्धा दमट लागतात, तिथं दुसरं काय होणार? तुटलेली साखळी घरी कुठल्याच उपायानं जोडता येत नाही. म्हणजे ‘नव्यासारखं’ हा शब्दच खोटा.

पेट्रोल तर नकोच. घरात भडका उडायचा धोका आहेच, शिवाय वस्तू खऱ्या रबराची असेल तर ती पेट्रोलनं फुगते. पंक्चरचं सोल्युशन म्हणजे तरी काय, पेट्रोलच्याच जातीच्या द्रावकात विरघळवलेलं रबर. थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हरही लांब ठेवा. रिमूव्हरमध्ये बहुधा अ‍ॅसिटोन असतं, ते खालचं प्लास्टिकच विरघळवतं.

पावडरीत थोडं तथ्य आहे. सायकलच्या नव्या ट्यूबला शंखजिऱ्याची पूड असते, ती एकमेकीला चिकटू नये म्हणूनच. पण पाघळलेल्या थरावर ती काही दिवस टिकते, मग राखाडी लगदा होऊन हाताला लागते.

फ्रीजमध्ये चिकटपणा गोठतो, जात नाही. वर बाहेर काढल्यावर वस्तूला दव सुटतं. ओलाव्यानं बिघडलेल्या वस्तूला ओलाव्याचाच औषधोपचार!

मग करायचं काय? तो थर उतरवायचा. मोबाइल दुरुस्तीवाले ज्याला आयपीए म्हणतात, ते आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. सेल काढा, खिडकी उघडा, गॅस आणि देवापुढचा दिवा विझलेला असू द्या. आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यावर थेंबभर लावून बघा. अल्कोहोल वस्तूवर ओतू नका, फडक्यावर घ्या. फडकं काळं झालं की कड बदला. मला बॅटरीला पाऊण तास आणि जुन्या बनियनचे तीन तुकडे लागले. वरची अक्षरं पुसली गेली, हे आधीच सांगतो.

हा उपाय सरसकट मात्र नाही. विनाइलची वायर चिकट झाली असेल तर तिच्यातलं मऊ ठेवणारं तेलकट द्रव्य बाहेर आलेलं असतं; प्लग काढून साबणाच्या ओल्या फडक्यानं पुसली तर काही काळ बरी राहते. कंपासपेटीत खोडरबर प्लास्टिकच्या पट्टीला चिकटून तिच्यात खड्डा पाडतो, तोही याच द्रव्याचा प्रताप. कुकरची रिंग चिकट झाली तर धुत-पुसत बसू नका, सरळ बदला.

बॅटरी आता चकचकीत काळी दिसते आणि ओल्या हातातून निसटते. मुठीपाशी सुतळीचे चार वेढे दिलेत.