नदीकाठचे नमुने

नदीच्या पाण्याचा साधा नमुना घ्यायला फार तर दोन मिनिटं लागतात. बाटली त्याच पाण्यानं विसळायची, प्रवाहाच्या उलट दिशेला तोंड करून बुडवायची, भरली की झाकण लावायचं, वर वेळ आणि ठिकाण लिहायचं. संपलं. तरी आमच्या वेळापत्रकात प्रत्येक ठिकाणाला पाऊण तास धरलेला असतो. उरलेली त्रेचाळीस मिनिटं काठावरच्या लोकांची. पाण्याचा पीएच कसा मोजावा यावर पुस्तकांत पानंच्या पानं आहेत, ‘कशाला मोजताय?’ याला काय उत्तर द्यावं यावर एक ओळ नाही.

आमचा महिन्याचा फेरा ठरलेला. मी, एक विद्यार्थिनी, बर्फाची पेटी आणि बाटल्यांचा खोका. गंगापूर धरणाच्या खाली सोमेश्वर, मग आनंदवल्ली, रामकुंड, तपोवन, टाकळीला नासर्डी येऊन मिळते त्याच्या खाली, पुढे दसक. गोदावरी शहरात शिरताना कशी असते आणि बाहेर पडताना कशी होते, एवढंच खरं तर बघायचं असतं. त्यासाठी पहाटे जावं लागतं. पाण्यातलं शेवाळ दिवसा उन्हात ऑक्सिजन सोडतं, रात्री मात्र शेवाळ, मासे, जिवाणू सगळे मिळून तो नुसता वापरतात. म्हणजे उजाडण्याच्या सुमाराला ऑक्सिजन सगळ्यात कमी. नदीची खरी तब्येत बघायची तर तिला झोपेतून उठायच्या आत गाठायचं.

अडचण अशी की त्या वेळेला नदी एकटी नसते. नाशिकमधली सगळ्यात जागी आणि सगळ्यात मोकळी माणसं पहाटे गंगेवर असतात. (गोदावरी नकाशात. नाशिककर गंगेवरच जातो.)

सोमेश्वरला फिरायला येणारी निवृत्त मंडळी पहिला प्रश्न एकमतानं विचारतात, “मोबाईल पडला का?” नाही म्हटलं की थोडे हिरमुसतात. मग कोणत्या खात्याचे, कायम की कंत्राटी, पगार किती, अशा उपनद्या ओलांडत संभाषण मुख्य प्रवाहाला लागतं: “आमच्या लहानपणी ओंजळीनं प्यायचो हो आम्ही हे पाणी.” साठीच्या पुढचा एकही नाशिककर मला असा भेटलेला नाही, ज्यानं गंगेचं पाणी ओंजळीनं प्यायलेलं नाही, तळाशी पडलेलं नाणं वरून पाहिलेलं नाही आणि गांधी तलावात उडी मारलेली नाही. नुसत्या उड्यांची बेरीज केली तरी तलावात पाण्याला जागा उरली नसती. पण माझा तक्रारीचा सूर इथंच थांबतो, कारण ही माणसं जे सांगतात ते आमच्या कुठल्याच वहीत नाही. आमची वही काही वर्षांची, त्यांची सत्तर वर्षांची. फक्त तिच्यात आकडे नाहीत आणि ती बंद करता येत नाही.

खरी गडबड होते ती टेप बाहेर काढल्यावर. प्रवाह किती आहे हे काढायला पात्राची रुंदी आणि खोली मोजावी लागते. पण सिंहस्थ 2027 वर आलेला असताना नाशिकमध्ये नदीकाठी कुणी टेप पसरली, की ती मोजणी फक्त पाण्याची आहे यावर कोण विश्वास ठेवणार? “साहेब, घाट वाढवताय का? टपरी जाणार का आमची?” टपरीवाल्यानं विचारलं. मी म्हटलं, आम्ही फक्त पाणी मोजतो. तो म्हणाला, “हो, सुरुवातीला सगळे पाणीच मोजतात.” आणि दोन कटिंग पुढे केले. मी पैसे काढले तर घेईना. पैसे घेतले नाहीत तर मी त्याची टपरी वाचवीन अशी त्याची समजूत, आणि चहा फुकट प्यायलो तर वाचवावी लागेल अशी माझी भीती. शेवटी विद्यार्थिनीनं फळीवर नोट ठेवली आणि वर साखरेचा डबा ठेवला. टपरी अजून आहे. त्याचं श्रेय तो मलाच देतो.

पाण्याचा वेग मोजायला यंत्र असतं, पण ते बिघडलं की तरंगत्या वस्तूची जुनी पद्धत कामाला येते. दहा मीटर अंतर आखायचं, वस्तू सोडायची, सेकंद मोजायचे. पृष्ठभागावरचं पाणी खालच्यापेक्षा जोरात पळतं म्हणून आलेल्या वेगाला साधारण 0.85 नं गुणायचं. वस्तू अशी हवी की ती बरीचशी बुडेल, वाऱ्यानं भरकटणार नाही आणि दिसत राहील. पुस्तकं संत्रं सुचवतात. गंगेवर नारळापेक्षा सोयीचं काय असणार? मी नारळ सोडला, घड्याळ सुरू केलं, आणि सहाव्या मीटरला एका पोरानं सूर मारून तो उचलला. हा त्याचा नेहमीचा धंदा. दोरीला लोहचुंबक बांधून तळातली नाणी ओढणाऱ्या पोरांपैकी तो एक. नारळ परत मागितला तर म्हणाला, “सोडला ना तुम्ही? मग गंगेचा झाला.” धर्मशास्त्र त्याच्या बाजूनं होतं. शेवटी तडजोड अशी झाली की दहाव्या मीटरच्या खुणेवर तोच उभा राहील आणि नारळ आला की ओरडेल, प्रत्येक फेरीचा नारळ त्याचा. वर त्यानं फुकटात खोलीही सांगितली: “इथं कमरेला, तिथं छातीला, त्या दगडाच्या पलीकडं डोक्यावरून.” नंतर काठी घालून पाहिलं. पोरगा बरोबर होता.

रामकुंडावर पोचलो की प्रश्नांचा दर्जा बदलतो. तिथं कुणी मोबाईल पडला का विचारत नाही. तिथं गोत्र विचारतात. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, हातात बाटली धरून, गंभीर चेहऱ्यानं पाण्यात उभा असलेला माणूस बिनकामाचा असेल हे गुरुजींना पटणं शक्यच नाही. “संकल्प सोडायचा ना?” एका गुरुजींनी विचारलं. मी पाण्याची पारदर्शकता बघतोय म्हटलं आणि सेक्की तबकडी दाखवली. दोरीला बांधलेली, काळ्या-पांढऱ्या चार पाकळ्यांची, वीस सेंटिमीटर व्यासाची. ती पाण्यात सोडायची आणि किती खोलीवर दिसेनाशी होते ते नोंदवायचं. गुरुजींची मुद्रा काही हलली नाही. मग मला आठवलं आणि मी म्हटलं, “गुरुजी, ही पद्धत ज्यांच्या नावानं आहे ते फादर अँजेलो सेक्की, इटलीचे. 1865 साली पोपच्या जहाजावरून त्यांनी हे करून पाहिलं. खगोलशास्त्रज्ञ होते आणि धर्मगुरूही.”

“म्हणजे ज्योतिष आणि पौरोहित्य दोन्ही?”

“साधारण.”

“मग बरोबर आहे,” गुरुजी म्हणाले आणि आपल्या यजमानांना दोन पावलं सरकवून मला जागा करून दिली. आता आम्ही आलो की तेच विचारतात, “काय म्हणतात तुमचे गुरुजी? किती दिसतंय?” पावसाळ्यात तबकडी पाण्याला टेकते न टेकते तोच गडप होते. तेव्हा ते आदरानं मान डोलावतात.

सगळ्यात जास्त प्रेक्षक जमतात ते विरघळलेल्या ऑक्सिजनच्या चाचणीला. त्यासाठी काचेच्या बुचाची 300 मिलिलिटरची बाटली लागते. आत हवेचा एक बुडबुडाही नको. त्यात आधी मँगनीज सल्फेट, मग अल्कली-आयोडाइड घालायचं. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी गाळ तयार होतो. ऑक्सिजन नसेल तर गाळ पांढराशुभ्र राहतो. म्हणजे तपकिरी चांगला, पांढरा वाईट. आता हे जमलेल्या लोकांना कोण सांगणार? सोमेश्वरच्या धबधब्याखालचं फेसाळलेलं पाणी घेतलं, बाटली तपकिरी झाली, की लोक कळवळतात: “बघा, बघा, केवढी घाण! आणि आपण अंघोळ करतो यात.” पाणवेलींनी झाकलेल्या एका डबक्यातलं पाणी घेतलं आणि गाळ दुधासारखा पांढरा झाला, तर एका आजोबांनी टाळीच वाजवली. “शेवटी गंगा ती गंगा!” मी उलटं आहे म्हणून समजावायला गेलो तर म्हणाले, “तुम्ही शिकलेले लोक सगळं उलटंच सांगता.” पुढे त्यात ॲसिड घातलं की तपकिरी गाळ विरघळून पाणी सोनेरी पिवळं होतं. हे दिसलं की गर्दी गप्प होते आणि मागून कुणीतरी हळूच विचारतं, “याचं सोनं होतं का?”

मग यायचा तो प्रश्न येतोच: अंघोळ करावी की नको? मी आपला नेमानं सांगतो, अंघोळीच्या पाण्यात लिटरला निदान 5 मिलिग्रॅम ऑक्सिजन हवा, बीओडी 3 च्या आत हवी, पीएच 6.5 ते 8.5, विष्ठेतले कोलिफॉर्म जिवाणू 100 मिलिलिटरला 500 च्या आत असले तर उत्तम, 2500 म्हणजे कमाल. एका मावशींनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं, पदर खोचला आणि “एवढं ऐकत बसलं तर मुहूर्त जाईल बाई” म्हणत उतरल्याही.

त्या बीओडीनं माझा संसार पणाला लावला आहे ते वेगळंच. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण खाताना जिवाणू किती ऑक्सिजन संपवतात त्याचं माप. मूळ ब्रिटिश पद्धत पाच दिवसांची. तिथल्या नद्यांना समुद्र गाठायला याहून जास्त वेळ लागत नाही म्हणून पाच, असं सांगतात. आमची गोदावरी 1465 किलोमीटरची; पाच दिवसांत तिला जायकवाडीसुद्धा सोडत नाही. आपल्याकडे हवा उबदार, म्हणून 27 अंशाला तीन दिवस ठेवतात. गुरुवारी नमुने घेतले की तीन दिवस मोजा बरं. बरोबर रविवार. “जिवाणूंना सुट्टी नसते का?” बायको विचारते. मिसळ खायला जायचं ठरलेलं असतं आणि मी प्रयोगशाळेत ब्युरेटसमोर बसून निळा रंग उडायची वाट बघत असतो.

पावसाळ्यात तर आमची पार हकालपट्टी होते. धरणातून किती क्युसेकनं पाणी सोडलं हे सरकार जाहीर करतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण 28 लिटर. पण नाशिकला क्युसेक कळत नाही, नदीपात्रात उभा असलेला मारुती कळतो. “दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं!” एवढ्या एका वाक्यावर सगळं शहर पूर बघायला निघतं. छातीला लागलं की शाळेला सुट्टीची चर्चा, आणि काठावरच्या नारोशंकराच्या देवळातल्या घंटेचं नाव निघालं की आजी 1969 चा पूर सांगायला घेतात. एकदा मी पुराचा अंदाज मीटरमध्ये सांगितला, तर पलीकडून विचारणा झाली, “म्हणजे मारुतीच्या कुठं?” तेव्हापासून आमच्या वहीत मीटरच्या शेजारी एक रकाना वाढलाय: गुडघा, कंबर, छाती, गळा. तोच जास्त भरवशाचा निघतो, कारण मोजपट्टीवर कुणीतरी जाहिरात चिकटवतं. मारुतीवर कुणी चिकटवत नाही.

पण गेल्या उन्हाळ्यात जे झालं त्याला तोड नाही. त्या दिवशी आम्ही खालून वर येत होतो, रामकुंड शेवटी. उन्हाळ्यामुळे मी डोक्याचे होते नव्हते तेवढे केस काढून टाकले होते. अंगात पांढरा शर्ट. विद्यार्थिनी पेटी आणायला गाडीकडे गेलेली, मी पायरीवर बाटली धरून उभा, डोक्यात सकाळचा आकडा. एक वयस्कर काका शेजारी येऊन थांबले. खांद्यावर हात ठेवला.

“काय झालं होतं हो?”

वाटलं, पाहिलं असेल यांनी आम्हाला मघाशी खाली. म्हटलं, “ऑक्सिजन एकदम खाली गेला.”

“अरेरे. किती?”

“दोनच्या आसपास.”

“दोन!” काकांचा हात खांद्यावर घट्ट झाला. “आमच्या साडूचा ऐंशीवर आला होता तर आम्ही पळापळ केली. दोन म्हणजे काही राहिलंच नाही.”

“नाही ना. काही महिने खालावतच चाललं होतं. आतून सगळं सडलेलं.”

“दवाखान्यात नव्हतं नेलं?”

“आता नेणार आहे. लॅबमध्ये.”

काकांनी माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या बाटलीकडे पाहिलं. दुःखानं माणसाचं भान सुटतं हे त्यांना ठाऊक असावं. डोळे पुसले, “धीर धरा, सगळी त्याची इच्छा” म्हणाले, आणि बळेच एक केळं माझ्या हातात देऊन गेले. तेव्हा कुठं माझ्या टकलाचा आणि त्यांच्या प्रश्नाचा संबंध माझ्या लक्षात आला. मागे धावत जाऊन खरं सांगावं असं वाटलं, पण कोणत्या तोंडानं? केळंही चांगलं होतं.

पुढच्या महिन्यात आम्ही पुन्हा रामकुंडावर. केस अर्धा इंच वाढले होते, तेही मध्ये नाहीत, कडेनंच. बाटली हातात, शर्ट तोच. काका पायऱ्या उतरत होते. मला बघितलं आणि जागीच थांबले.

“अरे देवा! आता कोण?”

मी तोंड उघडायच्या आत विद्यार्थिनी बर्फाच्या पेटीतून मान वर न काढता म्हणाली, “तेच हो काका. परत ऑक्सिजनच.”