दादा, त्या चिनी मुलाच्या बापाने जमीन विकलीच नव्हती

फॅमिली ग्रुपवर काल तो फॉरवर्ड पुन्हा येऊन पडला. चीनच्या खेड्यातला अर्धपोटी मुलगा, बापाने जमीन विकून फी भरली, क्लास न लावता निव्वळ जिद्दीवर बॅले शिकला, अमेरिकेत पळाला आणि आईबापांना विसरला. (क्लास नव्हता तर फी कसली भरली, हे कुणी विचारलं नाही.) खाली दादाने लेकीला टॅग केलं: ‘बघ, याला कुठे होता क्लास?’ माझ्या भाचीने गेल्याच आठवड्यात कथकच्या क्लासची फी मागितली होती.

माणूस खरा आहे. ली त्सुनशिन, जन्म १९६१, चिंगदाओजवळचं खेडं, सात भावांतला सहावा. घरात रताळ्याच्या सुकवलेल्या कापांवर दिवस काढलेत. तेवढं बरोबर.

पण जमीन? १९७२ साली तिथे जमीन कम्यूनची, म्हणजे सामूहिक मालकीची. शेतकऱ्याच्या नावावर विकायला होतंच काय? ही ओळ लिहिणाऱ्याने चीनच्या शेतकऱ्याला आपला सातबारा देऊन टाकलाय. आणि बीजिंगच्या नृत्य अकादमीत राहणं, जेवण, शिकणं सगळं सरकारी खर्चाने.

आता क्लासचं. त्याने स्वतःच २००३च्या आत्मचरित्रात सगळं सांगितलंय. माओच्या बायकोच्या, म्हणजे च्यांग चिंगच्या, अकादमीसाठी मुलं हेरायला माणसं शाळेत आली. ती याला न निवडताच निघाली होती. वर्गशिक्षिकेने थांबवून याच्याकडे बोट दाखवलं. मग पाय ताणून पाहिले, घराणं तपासलं. गरीब शेतकऱ्याचं घर ही त्या काळात आडकाठी नव्हती, पात्रता होती! अकराव्या वर्षी बीजिंगला गेला आणि सात वर्षं तिथेच राहून शिकला. सुरुवातीला त्याला बॅले आवडतही नव्हतं. गोडी लावली ती श्याओ नावाच्या शिक्षकांनी. १९७९ साली ह्यूस्टन बॅलेच्या बेन स्टीव्हन्सननी शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेला बोलावलं. याला क्लास नव्हता म्हणायचं तर क्लास म्हणायचं तरी कशाला?

जिद्द होती, कबूल. घोट्याला वाळूच्या पिशव्या बांधून जिने चढायचा, रात्री मेणबत्तीच्या उजेडात गिरक्या घोटवायचा. पण त्या गिरक्या दिवसा कुणीतरी शिकवलेल्या असायच्या.

पळून गेला म्हणे. गेला होता सरकारच्या परवानगीने. १९८१ साली तिथेच राहायचं ठरवलं, तेव्हा चिनी वकिलातीत २१ तास अडकवून ठेवला होता. त्यानंतर बरीच वर्षं मायदेशी जायची सोय उरली नाही, याला विसरणं म्हणत नाहीत. १९८४ साली आईवडील ह्यूस्टनला आले आणि लेकाला रंगमंचावर नाचताना त्यांनी पाहिलं.

दादा, फीची शेवटची तारीख शनिवार आहे. निम्मी मी पाठवते.