शकुंतला बंदच ठेवायची असेल तर

तर भाऊ, तुम्हाला आपली बंद पडलेली शकुंतला, म्हणजे ती नॅरोगेज रेल्वे, परत सुरू करायची आहे म्हणे. आता सुरू करणं वेगळं आणि 'सुरू करा' म्हणत राहणं वेगळं, हे पहिल्याच दिवशी क्लिअर करून घ्या. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर या १९० किलोमीटरच्या पट्ट्यात मागणी करणाऱ्याला मान आहे, खुर्ची आहे, पेपरात फोटो आहे, उद्या खरंच गाडी धावली तर त्याला चहा तरी कोण विचारणार? म्हणून माझं ऐका, समिती काढा आणि पुढचं सांगतो तसं करा.

निवेदनाची पहिली दोन पानं इतिहासाला. इंग्रजांच्या काळात लाईन आली, वऱ्हाडाचा कापूस इथून मुंबईला आणि तिथून बोटीनं मँचेस्टरला, मँचेस्टरला बनलेलं झेडडी जातीचं वाफेचं इंजिन १९२३ मध्ये रुळावर चढलं ते १५ एप्रिल १९९४ ला उतरलं. ही तारीख पाठच करा, पत्रकारांना तारीख लय आवडते. तिसऱ्या पानावर खरं तर आजचा हिशोब यायला पाहिजे, म्हणजे दर्यापूर-अंजनगावकडून रोज किती लोक अकोल्या-अमरावतीला अप-डाऊन करतात, हंगामात कापसाच्या किती गाठी आणि संत्र्याच्या किती गाड्या रोडनं जातात, त्यातलं किती रेल्वेवर येईल. तो अजिबात टाकू नका. आकडे दिले की रेल्वेला त्यावर काहीतरी उत्तर द्यावं लागतं, आणि एकदा उत्तर आलं की आंदोलनातली मजाच गेली. त्यापेक्षा तिसऱ्या पानावर दुष्यंत टाका, अंगठी हरवली, सरकार ओळख विसरलं वगैरे. प्रत्येक वक्ता टाकतो, तुम्हीही टाका, टाळ्या पडतातच.

मग येते कंपनी. हा मुद्दा सोन्याचा आहे, जपून वापरा. 'स्वातंत्र्य मिळून इतकी वर्षं झाली तरी ही लाईन इंग्रजांची' एवढी पोस्ट टाकली की दिवसभर लाईक मोजत बसायचं. किलिक निक्सन ही मुंबईतली कंपनी आहे, लाईन तिच्या हाताखालच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची, गाड्या चालवायची रेल्वे आणि त्याबद्दल कंपनीला पैसे द्यायची, असला करारमदाराचा रुक्ष विषय कुणी काढला तर त्याला 'तुम्ही कंपनीचे वकील का?' असं विचारून खाली बसवा. आणि बार्शी लाईट रेल्वेचं नाव तर चुकूनही निघू देऊ नका. तीही कंपनीचीच होती, तीही अडीच फुटी नॅरोगेज, सरकारनं १९५४ मध्ये ती घेऊन टाकली आणि पुढे तिची ब्रॉडगेजही झाली. म्हणजे घेता येते. हे लोकांना कळलं तर इंग्रजांना शिव्या कोण देणार!

तिसरं काम म्हणजे समितीचे दोन तुकडे करणे. हे आपोआप होतं, तुम्ही फक्त मीटिंग बोलवा. एक गट हेरिटेजवाला. यांना नॅरोगेजच पाहिजे, तोच डबा, तीच शिट्टी, कारण लहानपणी मामाच्या गावाला जाताना गेट आलं की गाडी थांबायची, गाडीतलाच माणूस उतरून गेट लावायचा, गाडी पुढे जाऊन उभी राहायची, तो गेट उघडून पळत येऊन परत चढायचा, आणि तेवढ्या वेळात कुणीतरी शेतात जाऊन हरभरा उपटून आणायचा. सुंदर आहे, मलाही आवडतं. फक्त यातले बरेच जण आता पुण्यात राहतात आणि त्यांना अचलपूरहून सकाळी १० च्या ऑफिसला कुठंच पोचायचं नसतं. शहात्तर किलोमीटरला चार-एक तास लागायचे हे ते फार प्रेमानं सांगतात. दुसरा गट ब्रॉडगेजवाला. यांच्याकडे २०१६ चं कात्रण असतं, सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असतानाचं, दीड हजार कोटींचं. तेव्हापासून ते कात्रण लॅमिनेट केलेलं आहे. दोघांना एका टेबलावर बसवा, चहा सांगा आणि बाहेर येऊन उभे राहा.

तरीही कुणाचं एकमत व्हायला लागलं तर हुकमाचा एक्का काढायचा: मालगाडी की पॅसेंजर? हा प्रश्न विचारताना चेहरा एकदम गंभीर ठेवा. जिनिंगवाले म्हणतील, 'पॅसेंजर काहून पाह्यजे? येष्टी हाय, ट्रॅव्हल्स हाय, आमच्या गाठी काय येष्टीच्या टपावर टाकाव का?' मागून मास्तर उठतील, 'म्हणजे आम्ही माणसं गाठीपेक्षाही गेलो का भाऊ?' मग संत्रावाला उठेल की माझा माल चार दिवस यार्डात पडला तर त्याचं काय लोणचं घालू? यात मूर्तिजापूरचा मुद्दा सोडायचा नाही, की नॅरोगेजचा माल तिथं उतरवून मेन लाईनच्या डब्यात परत चढवावा लागतो, दुहेरी हमाली, वेळ गेला तो वेगळा. म्हणजे मालासाठी ब्रॉडगेज पाहिजे आणि ब्रॉडगेज झाली की त्याच रुळावरून सकाळ-संध्याकाळ पॅसेंजरही जाते, दिवसारात्री मालही जातो. हे असं सरळ कुणी बोलून टाकायच्या आत आभारप्रदर्शन उरकून घ्या.

आणि कुणी लातूरच्या पाण्याची आठवण काढली तर विषय बदला. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं, पहिल्या खेपेला ५ लाख लिटर, आणि गेलं कुठून तर पंढरपूर-कुर्डुवाडीवरून, म्हणजे त्याच बार्शी लाईटच्या, पुढे ब्रॉडगेज झालेल्या मार्गावरून. दुष्काळात हे काम झालं आणि आता त्याच लाईनीवर लोक तिकीट काढून बसतात. फार वाईट उदाहरण आहे. गाडी असली की तिचा असा भलताच उपयोग निघतो, त्यापेक्षा नसलेली बरी.

यवतमाळवाल्यांना फोडणं सोपं आहे. त्यांना म्हणायचं तुमची वर्धा-यवतमाळ-नांदेड येतेच आहे, २८४ किलोमीटरची, तुम्हाला ही डुगडुगी कशाला? २००९ ला भूमिपूजन झालं आणि २०२४ च्या फेब्रुवारीत गाडी वर्ध्याहून कळंबपर्यंत आली, कळंब म्हणजे आलंच की! यवतमाळ गळालं की राहिले कारंजा, दारव्हा, त्यांना सांगा आधी तुमचं तुम्ही ठरवा. अचलपूरवाल्यांना जवळचं चांदूर बाजार दाखवा, नरखेड-बडनेरा लाईन तिथून जाते, जा म्हणाव तिकडं टमटमनं. लाखाच्या वर वस्तीचं गाव टमटमनं रेल्वेला जातं यात कमीपणा काय?

रुळांची काळजी करू नका. बाभूळ आपलं काम करते, पावसाळ्यात तर रूळ शोधायला मागच्या पिढीतला माणूस न्यावा लागतो, काही ठिकाणी गोवऱ्या थापलेल्या आहेत, बकऱ्या आहेत, आणि भंगारवाल्याला तर निवेदनाचीही गरज लागत नाही. अतिक्रमणावर बोलू नका, ते आपलेच मतदार.

सर्व्हे लागला तर हार घेऊन स्टेशनवर जा. सर्व्हेचं स्वागत करणं सगळ्यात सेफ. सर्व्हेनंतर डीपीआर म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल, डीपीआरनंतर फेरसर्व्हे, आणि मधे बजेटमध्ये टोकन तरतूद. टोकन म्हणजे कधीकधी हजार रुपये. हजार रुपयांत तुमच्या समितीचा नाश्ता होत नाही, पण अभिनंदनाचं बॅनर मात्र वीस फुटांचं लावा, खाली सगळ्यांचे फोटो, खासदारांचा मोठा, आमदारांचा मध्यम, तुमचा असा की कुणाच्याच खांद्याआड जाणार नाही.

एकाच माणसाला सांभाळा. प्रत्येक मीटिंगला असतो, मागच्या रांगेत, पिशवी मांडीवर घेऊन. तो उठतो आणि म्हणतो, 'समजा सुरू झाली, तं सकाळी अचलपुराहून किती वाजता सुटंल? अन् मूर्तिजापूरला मुंबईकडची गाडी भेटन का?' बस, एवढंच. त्याला इतिहास नको, इंग्रज नको, गेज नको, टायमिंग पाहिजे. एकाचं ऐकून शेजारचा पण विचारायला लागतो. त्याला विरोध करू नका, वाईट दिसतं. प्रमोशन द्या, स्वागताध्यक्ष करा, पुढच्या मीटिंगच्या सतरंज्या आणि माईकची जबाबदारी त्याच्याकडे द्या, आणि माईक दारापाशी लावायला सांगा, तिथं रोडवरच्या ट्रकच्या आवाजात प्रश्न ऐकू येत नाहीत.