एका फुकटच्या वाचनावरून ठोकलेला निकाल

सप्टेंबर २०२२ मध्ये लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे या प्रणालीच्या हार्डवेअर चालवणाऱ्या गाभ्यात, दोन-चार ओळींची एक दुरुस्ती झाली. तेव्हापासून एक दावा अधूनमधून डोकं वर काढतो: ‘२००२ च्या सदोष चिपसेटसाठी (प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणाऱ्या चिपांसाठी) घातलेल्या एका ओळीमुळे वीस वर्षं सगळ्यांची मशिनं मंद चालली. जुन्या हार्डवेअरच्या टायमिंगसाठी सांभाळलेला हा कचरा एकदाचा काढा, लिनक्स पळायला लागेल.’

घटना खरी आहे. पण ‘सगळ्यांची’ हा शब्द खोटा आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष त्याहून चुकीचा.

त्या ओळीत होतं काय? प्रोसेसरला काम नसलं की कर्नल त्याला झोपवतं. एसीपीआय या वीज-व्यवस्थापनाच्या मानकाच्या जुन्या पद्धतीत त्यासाठी चिपसेटचं एक पोर्ट, म्हणजे हार्डवेअरशी बोलायचा एक क्रमांकित पत्ता, वाचायचं. काही चिपसेट हा हुकूम ऐकून लगेच थांबत नसत आणि प्रोसेसर तेवढ्यात पुढच्या सूचनेवर जाई. म्हणून लगेच पीएम टायमरचं, म्हणजे चिपसेटमधल्या एका घड्याळाचं, एक फुकटचं वाचन ठेवलं. आलेला आकडा टाकून द्यायचा, हवा असायचा तो फक्त त्यात जाणारा वेळ. आजच्या प्रोसेसरवर या एका वाचनात प्रोसेसरचे हजारो ठोके (सायकल) जातात, हेही खरं.

पण इंटेलची मशिनं दशकाहून अधिक काळ या वाटेला फिरकतच नाहीत. त्यांचा वेगळा ड्रायव्हर एमवेट ही प्रोसेसरचीच सूचना वापरून झोपवतो. ठेच लागली ती झेन पिढीच्या प्रोसेसरवाल्या एएमडी मशिनांना, आणि तीही सतत झोपणं-उठणं चालू असलेल्या कामांत. दुरुस्ती काय केली? ओळ काढली नाही. वर एक अट घातली: प्रोसेसर इंटेलचा नसेल तर इथूनच मागे फिर. वर्कअराउंड, म्हणजे दोष टाळायची ही पळवाट, जिवंत होता हा दोष नव्हता. तो कुणासाठी आहे हे लिहिलंच नव्हतं, हा होता.

या दाव्यामागे आणखी एक समज असतो: ‘प्रत्येक क्वर्कची (एखाद्या हार्डवेअरच्या खोडीसाठी केलेल्या खास सोयीची) किंमत सगळे मोजतात.’ तो पाहू. इंटेलच्या पीआयआयएक्स४ चिपच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत पीएम टायमर वाचताना गंमत होई. दर ६९.८ नॅनोसेकंदांत सुमारे ३ नॅनोसेकंद आकडा बदलत असतो, आणि नेमकं तेव्हा वाचलं तर काहीही हाती येतं. शंभरात चारेक वेळा चूक! कर्नलचा उपाय साधा आहे: तीनदा वाचायचं, तिन्ही आकडे चढत्या क्रमाने बसले तर घ्यायचे, नाहीतर पुन्हा तीनदा. पण हा उपाय बूट होताना चिपची आवृत्ती तपासून, ती ३ पेक्षा कमी असेल तरच लागू होतो, आणि तसा इशाराही लॉगमध्ये छापला जातो. ती चिप नसलेल्याला तो एका जास्तीच्या वाचनालाही पडत नाही.

‘असलं हार्डवेअर उरलंय कुणाकडे?’ भंगारवाल्याकडे नसेल, पण क्यूएमू या आभासी संगणक चालवणाऱ्या प्रोग्रामचं ‘पीसी’ मशिन आजही १९९६ च्या आय४४०एफएक्स चिपसेटची नक्कल करतं. पीसीतल्या ८२५४ या जुन्या टायमर चिपचंही तेच. २०१८ मध्ये कर्नलला हायपर-व्ही या मायक्रोसॉफ्टच्या आभासी संगणकांच्या प्रणालीसाठी खास अपवाद करावा लागला, कारण टायमर बंद करताना काउंटरमध्ये शून्य लिहिलं की तिथला नकली ८२५४ इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरला हाक मारणारे इशारे, पाठवतच राही. शिवाय घड्याळाच्या खोडी फक्त म्हाताऱ्या चिपांना असतात असंही नाही. २०१९ मध्ये इंटेलच्या कॉफी लेक प्रोसेसरांवर एचपीईटी हा टायमर बंद करावा लागला, कारण गाढ झोपेत तो थांबायचा. तेव्हा ती चिप बाजारात येऊन दोनच वर्षं झाली होती.

‘कर्नल काही काढतच नाही’ ही तक्रारही सोबत येते; तिला फार वेळ द्यायची गरज नाही. डिसेंबर २०१२ मध्ये ३८६ या इंटेलच्या जुन्या प्रोसेसरचा आधार काढला, कारण त्याच्या उणिवा सगळ्यांच्या वाटेतल्या कोडमध्ये सांभाळाव्या लागत होत्या.

दाव्यात एक गोष्ट मात्र रास्त आहे: वर्कअराउंड स्वतःच उलटू शकतो. संथ जुन्या चिपांना श्वास घ्यायला वेळ मिळावा म्हणून ऐंशी हेक्स क्रमांकाच्या पोर्टवर काहीतरी लिहायची जुनी रीत होती. २००७ च्या सुमारास एचपी पॅव्हिलियनचे काही लॅपटॉप या लिखाणानेच गोठू लागले. तरी विलंब काढून टाकला नाही. कर्नलच्या २.६.२५ आवृत्तीत आयओ_डिले हा बूट पर्याय आला आणि त्या मॉडेलांची यादी करून त्यांना दुसरं पोर्ट दिलं.

आपल्या मशिनवर कोणतं घड्याळ चालू आहे ते सिसएफएसमधली (कर्नल स्वतःची माहिती फाईलींच्या रूपात दाखवतं तिथली) करंट_क्लॉकसोर्स ही फाईल सांगते. साध्या लॅपटॉपवर बहुधा टीएससी, म्हणजे प्रोसेसरमधलाच काउंटर, दिसेल. त्याऐवजी एचपीईटी किंवा एसीपीआय_पीएम (वरचा पीएम टायमर) दिसलं, तर क्वर्क उपटायला निघण्याआधी डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या लॉगमध्ये, ‘अनस्टेबल’ हा शब्द शोधा. टीएससीला का हटवलं, ते सहसा तिथेच लिहिलेलं असतं.